पाचवा वाटा

आमच्या कामात माणसं चार असायची आणि मिळालेल्या पैशाचे वाटे पाच पडायचे. हे ऐकलं की प्रत्येक जण विचारतो, पाचवा कोण? मालक? दलाल? पाचवं होतं लोखंड. तीन पायांची घोडी, एक चेनकुप्पी, दोन क्लॅम्प, चार पाने आणि एक वायररोप. काम संपवून आम्ही चौघे झाडाखाली पाणी पीत बसायचो तेव्हा हे सगळं उन्हात पडलेलं असायचं. तरी त्याला आमच्याइतकाच वाटा मिळायचा.

मी बोअरमधून मोटारी काढणारा माणूस. राहणार मेहकरचा, नाव गफूर. या अंकाच्या संपादकांच्या मळ्यातली मोटार मी दोनदा काढली आहे, त्या ओळखीवर त्यांनी मला लिहायला बसवलं. म्हणाले, चार चमत्कारिक गिऱ्हाइकं लिहा, थोडी गंमत लिहा. गंमत लिहितोच, पण मला जे सांगायचं आहे ते गमतीचं नाही.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण शहरातल्या माणसाला वाटतं मोटार जमिनीवर असते. बोअरची मोटार दोनशे, तीनशे फूट खाली पाण्यात लटकलेली असते. वीस वीस फुटांचे लोखंडी पाईप एकाला एक जोडून ती खाली सोडलेली असते. मोटार जळाली की ती सगळी माळ वर ओढायची. बोअरच्या तोंडावर घोडी उभी करायची, म्हणजे तीन उंच पाईपांची तिपाई. तिच्या डोक्याला चेनकुप्पी टांगायची. कुप्पीची साखळी हातानं ओढली की मोठं वजन थोडं थोडं वर येतं. एक पाईप पूर्ण वर आला की त्याच्याखालच्या पाईपाला बोअरच्या तोंडाशी क्लॅम्प आवळायचा. क्लॅम्प म्हणजे लोखंडाचे दोन अर्धे जबडे, आतून दातेरी, दोन्ही बाजूंनी नटबोल्टनं कसलेले. आता खालचं सगळं वजन त्या क्लॅम्पवर. मग वरचा पाईप पान्यानं खोलून बाजूला ठेवायचा आणि पुन्हा ओढायला लागायचं. तीनशे फुटांना पंधरा वेळा. क्लॅम्पनं पकड सोडली तर मोटार पाईपासकट बोअरच्या तळाला जाते आणि बहुतेक वेळा परत येत नाही. आमच्या हातून मोटार पडली तर ती आम्ही भरून द्यायची, हा या धंद्याचा न लिहिलेला करार आहे.

हे काम मला माझ्या मामूनं शिकवलं. पाच वाट्यांची रीतही त्याचीच. काम झालं की तो पैसे रुमालावर मांडायचा, पाच ढीग करायचा आणि पहिला ढीग उचलून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. म्हणायचा, "पहले लोहे का निकालो. वो मुँह से माँगता नहीं ना, इसलिये उसका पहले." त्या डब्यातून फक्त हत्यारं यायची. नवी साखळी, ग्रीस, बोल्ट, क्लॅम्प. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात त्यानं शेजाऱ्याकडून उसने घेतले, पण डब्याला हात लावला नाही. मामी चिडून सांगायची की माझी सवत त्या डब्यात राहते. मामूचा दुसरा नियम एवढाच होता, की सुटलेला पाईप धरायचा नाही. काहीही होवो, हात मागे. मोटार पुन्हा विकत मिळते.

आता गिऱ्हाइकांकडे येतो. वडनेर भोलजीला आमचे एक निवृत्त गुरुजी होते. मेहकरपासून ते बरंच लांब, पण त्यांच्या जावयानं माझं नाव सांगितलं म्हणून त्यांनी मलाच बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा गुरुजी खुर्ची टाकून, वही आणि घड्याळ घेऊन बसलेले. काम सुरू झाल्याची वेळ त्यांनी वहीत लिहिली. आमची कुप्पी तेव्हा नवी होती, साखळी लोण्यासारखी चालायची. मोटार अडीच तासांत बाहेर आली. गुरुजींनी वेळ लिहिली आणि हिशेबाला बसले.

"गफूर, तुह्या आधी जो आला होता त्याले दिवस लागला होता. तू अडीच घंट्यात काढली. मंग पैसे त्याच्याइतकेच कसे?"

"गुरुजी, त्याच्याजवळ दोर अन् बल्ल्या होत्या. माह्याजवळ कुप्पी आहे."

"तेच म्हनतो ना मी. काम कुप्पीनं केलं. मंग तुमाले कायचे पैसे?"

"मंग कुप्पीचे द्या."

"लोखंड काय भाकर खाते का बे?" आणि स्वतःच्या विनोदावर ते इतके हसले की खुर्ची मागे कलली. आम्ही धरली म्हणून वाचले.

हा विनोद मी नंतर निदान पन्नास तोंडांतून ऐकला असेल. हत्यार जितकं चांगलं तितकं काम लवकर होतं, आणि काम जितकं लवकर होतं तितके पैसे द्यायला माणसाचा हात जड होतो. वाईट हत्यारानं दिवसभर घाम गाळला की लोक कौतुकानं चहा पाजतात, वर दहा रुपये जास्त देतात. घाम दिसतो, हत्याराची झीज दिसत नाही. मामू गेल्यावर सेट, म्हणजे हत्यारं आणि त्यावरची माणसं, माझ्याकडे आला आणि मी बरीच वर्षं भांडून, हसून, कधी रुसून पाचवा वाटा वसूल केला. लोक मला महाग म्हणायचे. मला त्याचा थोडा गर्वच होता.

माझ्या तिघांपैकी दोघे हंगामाप्रमाणे बदलायचे. कायम असा एकच, समाधान. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, अंगानं शिडशिडीत, बोलणं कमी. बोल्ट कसण्यात त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही. पान्याच्या शेवटच्या वळशाला तो डोळे मिटायचा. विचारलं तर म्हणायचा, "आवाज आयकून राह्यलो." कसलेल्या बोल्टचा आवाज मला कधी ऐकू आला नाही. त्याला यायचा.

मग आमच्या भागात दुसरा एक सेट आला. तरुण पोरं, नवी मोटारसायकल, भाव माझ्यापेक्षा कमी. माझा फोन वाजेनासा झाला. पंधरा दिवस मी घरात बसून काढले. बायको विचारायची, "आज भी नहीं?" सोळाव्या दिवशी मी डोकं चालवलं. माणसांच्या मजुरीला हात लावणं शक्य नव्हतं, त्यांची पोटं होती. मग कमी काय करायचं? लोखंडाचा वाटा. घोडी आपली, कुप्पी आपली, आपल्याच वस्तूला आपण दोन महिने नाही दिलं तर कोण विचारतंय? पाचवा वाटा मी भावातून काढून टाकला आणि सगळीकडे नवा भाव सांगितला. फोन परत वाजायला लागला. दोन महिन्यांचे दोन हंगाम झाले. गफूर आता वाजवी घेतो, असं लोक म्हणायला लागले आणि मला ते गोड लागलं. माझ्या मूर्खपणाचं मी त्या काळात सगळ्यांपुढे कौतुक करून घेतलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

डबा रिकामा झाला. ग्रीस संपलं तर इंजिनाचं जुनं तेल वापरलं. साखळीची एक कडी वेल्डिंग करून चालवली. समाधान बघत होता. एक दिवस क्लॅम्प हातात घेऊन माझ्याकडे आला.

"गफूरभाई, बोल्टचे आटे गेले हो. दातबी घासले. हा आता पकडून नाई राह्यला."

"एवढं एक काम होऊ दे. घेऊ."

"मांगच्या वेळीबी तुमी हेच म्हनले होते."

"मी नाई का पाहून राह्यलो? घेऊ ना म्हनलं!"

आवाज मी चढवला होता. समाधान बोल्टवर सुतळी गुंडाळून कसायला लागला.

साखरखेर्ड्याच्या बाजूला नलूकाकूंची रोपवाटिका होती. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं. नवरा गेल्यावर बाईंनी एकटीनं उभी केलेली. त्यांची मोटार बंद पडली आणि ट्रेमधली रोपं दोन दिवस तहानलेली. सकाळी सकाळी त्यांचा फोन आला.

"गफूरभाऊ, आजच्या आज येता का? किती घेता तुम्ही?"

त्या दुसऱ्या सेटलाही फोन करतील या भीतीनं मी पाचव्या वाट्याशिवायचा भाव सांगितला आणि त्या काही बोलायच्या आत वर आणखी थोडे कमी केले.

"बरं," काकू म्हणाल्या. "या मग."

घासाघीस नाही, कुरकुर नाही. एवढंच म्हणाल्या, बरं. तो शब्द मला पुढे फार दिवस आठवत राहिला.

अकरा पाईप निघाले. बारावा वर येत होता. मी साखळीवर, समाधान बोअरच्या तोंडाशी. त्यानं खाली क्लॅम्प कसला, डोळे मिटले, आणि पान्याला आणखी एक वळसा दिला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळायला हवं होतं. तो मान हलवत होता. मी म्हणालो, "चाल, सोड वजन." कुप्पी ढिली केली. वजन क्लॅम्पवर आलं आणि एक बोल्ट सटकला. जबडे उघडले. पाईप खाली निघाला.

समाधाननं दोन्ही हातांनी पाईप धरला.

ज्या माणसानं वीस वर्षांत शंभर नवख्यांना सांगितलं असेल की सुटलेला पाईप धरू नका, त्यानंच धरला. पाईपाच्या जोडाचं जाड तोंड त्याचा उजवा हात घेऊन बोअरच्या कडेवर आलं. डावा हात त्यानं कसा तरी सोडवला. मोटार खाली गेली, पाण्यात पडल्याचा आवाज फार उशिरा आला. त्याआधी त्याचा आवाज आला होता.

काकूंनी रोपांच्या टेम्पोत आम्हाला घातलं आणि ड्रायव्हरला मेहकरकडे पिटाळलं. टॉवेल भिजत होता. मी त्याचा हात वर धरून बसलो होतो आणि माझ्या तोंडातून रागच निघत होता.

"काऊन धरला बे? काऊन धरला?"

तो ओठ चावून पडला होता. थोड्या वेळानं म्हणाला, "मोटार भरून द्या लागली असती तुमाले. डबा तं रिकामा आहे."

अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. उजव्या हाताची, ज्या हातानं तो बोल्टचा आवाज ऐकायचा.

तिसऱ्या दिवशी काकू दवाखान्यात आल्या. मोटारीबद्दल बोलतील म्हणून मी आधीच उभा राहिलो. त्यांनी समाधानच्या बायकोला जेवणाचा डबा दिला, तिच्याशी बोलल्या, मग मला बाहेर बोलावलं. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. क्लॅम्प जुना होता, मला माहीत होतं, त्यानं सांगितलं होतं, आणि भाव कमी केल्यामुळे मी नवा घेतला नव्हता. कुणापुढे तरी ते बोलायलाच हवं होतं.

काकूंनी विचारलं, "नवा क्लॅम्प केवढ्याला येतो?"

मी सांगितलं.

त्यांनी मनात काहीतरी जुळवलं. "आणि फोनवर तुम्ही मला भाव सांगितला, त्यात पूर्वीपेक्षा किती कमी केला होता?"

तेही सांगितलं. त्या एका कामावर मी जेवढे सोडले होते, तेवढ्यात क्लॅम्पची नवी जोडी आली असती.

काकू चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी कमी करा म्हणलेच नव्हते, गफूरभाऊ. तुम्ही सांगितलं असतं, हत्याराचे एवढे, तर मी दिले असते. तुम्ही सांगितलंच नाही. मला काय माहीत, ह्या कामात हत्याराला वेगळं लागतं म्हणून?"

माझी मोटारसायकल विकून मी त्यांना मोटारीचे पैसे दिले. त्यांनी अर्धेच घेतले. अर्धे समाधानला द्या म्हणाल्या.

ते अर्धे आणि एक पोतं गहू घेऊन मी समाधानच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसून डाव्या हातानं पाण्याचा पेला उचलायची सवय करत होता. गहू त्यानं ठेवून घेतला. पैसे माझ्याकडे सरकवले.

"हे काकूचे आहेत का तुमचे?"

"काकूनं सोडले, तुह्यासाठी."

"मंग ठेवतो. पन तुमी दर महिन्याले काही आनसान तं नेजा वापस. बोटाचा पगार नाई पाह्यजे मले."

"मंग काय देऊ बे समाधान? तूच सांग."

त्यानं पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "डबा द्या."

"रिकामा आहे."

"तोच द्या. मामूचा डबा माह्या घरी राहीन. पाचवा वाटा माह्याजवळ जमा होईन. अन् कामाले निघाच्या आधी हत्यार मी पाहीन. मी नाई म्हनलं तं नाई. तुमी आवाज चढवला तरी नाई."

मी डबा आणून दिला. पाच महिन्यांनी तो कामावर परत आला. साखळी ओढायला तळहात पुरतो. बोल्ट दुसरा कसायचा आणि हा कान लावून बसायचा. दोनदा त्यानं ठरलेलं काम रद्द करायला लावलं, एकदा कडीसाठी आणि एकदा नुसत्या संशयासाठी. संशय खोटा निघाला. मी शिव्या गिळल्या.

पाचवा वाटा परत मागायला सुरुवात केली तेव्हा पहिलं गिऱ्हाईक लागलं कोण, तर वडनेरचे गुरुजी. तीच खुर्ची, तीच वही. मी घाबरत घाबरत सांगितलं, मजुरी एवढी आणि हत्याराचे वेगळे एवढे. गुरुजींनी चष्मा वर केला. त्यांचा विनोद ओठावर आलेला मला दिसत होता. तेवढ्यात त्यांना साखळीवरचा समाधानचा हात दिसला.

"हे काय झालं रे?"

"क्लॅम्प जुना होता, गुरुजी," समाधान म्हणाला. एवढंच.

गुरुजींनी वही मिटली. काम झाल्यावर पूर्ण पैसे दिले, पण गुरुजीच ते. पावती मागितली, आणि माझी पावती फाडून टाकायला लावली. "एकाच ओळीत सारं लिहून राह्यला, मानसाले कसं समजीन? दोन ओळी कर. एक मजुरी, एक हत्यार." त्यांनीच वहीतून कागद काढून आखून दिला. तेव्हापासून आमच्या पावतीला दोन ओळी आहेत. गंमत म्हणजे दोन ओळी दिसल्यापासून लोक कमी भांडायला लागले. काही गिऱ्हाइकं गेली, ती गेली. पण जेवढी जातील असं मला वाटत होतं तेवढी गेली नाहीत. त्या दोन हंगामांत मी कुणाला घाबरलो होतो, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

पुढे माझे गुडघे गेले. सेट मी समाधानला दिला. फुकट घ्यायला तो तयार नव्हता, त्यानं हप्ते ठरवले, तेही स्वतःच्या वाट्यातून. पाचव्या वाट्याला हात न लावता. मी आता कधीमधी त्याच्याबरोबर जातो, बसून वायररोप गुंडाळतो. तेवढंच जमतं, आणि तेवढ्याचीही तो मला पूर्ण मजुरी देतो.

गेल्या हिवाळ्यात मेहकरच्या जवळच एका गवंड्याकडे गेलो होतो. संजय नावाचा. दुसऱ्यांची घरं बांधता बांधता स्वतःचं दोन खोल्यांचं चढवत होता, आणि बांधकामाच्या पाण्याची मोटार अडकली होती. काम झालं. समाधाननं पावती दिली. संजय ती बघत राहिला.

"भाऊ, हे हत्याराचं काही कमी करा ना. मीबी तुमच्यासारखाच. थापी माही, वळंबा माहा, पाट्या माह्या. आता तं कटर मशीनबी माहीच. मले कोन देते त्याचे?"

त्याच्या बायकोनं आम्हाला गुळाचा चहा दिला होता. पोरगी भिंतीच्या कडेला गृहपाठ करत होती. माझं मन विरघळलं. जुनी खोड कुठे जाते? मी म्हणालो, "जाऊ दे समाधान, हत्याराचं सोड. आपल्यातलाच मानूस आहे."

समाधान माझ्याकडे वळला. "गफूरभाई, तुमाले सोडाचे असन तं तुमच्या वाट्यातून सोडा. हे सोडाचा हक्क तुमचाबी नाई अन् माहाबी नाई." मग संजयला म्हणाला, "तुमाले कोनी देत नाई, कारन तुमी मांगत नाई. आमचे आज द्या. तुमचे उद्यापासून मांगा. पावती ठेवा, तशीच करा."

संजयनं पैसे दिले, थोडे नाराजीनं. समाधाननं रुमाल अंथरला, पाच ढीग केले आणि उरलेल्या तीन बोटांनी पहिला ढीग उचलून डब्यात टाकला. माझ्या वाट्यातले अर्धे मी संजयच्या पोरीच्या वहीत ठेवले. समाधाननं पाहिलं आणि अडवलं नाही. तो माझा हक्क होता.

महिन्याभरानं संजयचा फोन आला. मला वाटलं मोटार पुन्हा अडकली.

"नाई हो काका, मोटार चांगली आहे. सांगाचं होतं एक. नवीन काम भेटलं, एका मास्तरच्या घराचं. मी तुमच्यासारखी पावती केली. मजुरी येगळी, हत्यार येगळं. लय भेव वाटत होतं. सारी रात झोप नाई."

"मंग? काय म्हनले मास्तर?"

"काई नाई. चष्मा लावून वाचली. मंग म्हने, बरं."

"एवढंच?"

"हाव. बरं म्हने, अन् सही केली."

मी त्याला शाबास म्हटलं आणि फोन ठेवला. संध्याकाळी समाधानच्या घरी जाऊन ही बातमी सांगितली. तो डब्यासमोर बसून नव्या क्लॅम्पचे बोल्ट एकेक करून पुसत होता. ऐकून हसला, आणि पुन्हा पुसायला लागला. मी त्याच्या हाताकडे बघत बसलो. त्या दिवशी फोनवर काकूंना मी खरा भाव सांगितला असता, तर त्याही एवढंच म्हणाल्या असत्या, बरं.